रस्ता कोणासाठी?

अंजनी नदीच्या काठी वसलेले एरंडोल हे जळगाव जिल्ह्यातील एक प्राचीन गाव. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, असे येथील लोकपरंपरा सांगते. गावातील पांडववाडा हे नावही त्याच स्मृतीशी जोडलेले आहे. एकचक्रा म्हणून देशात आणखीही काही गावे दाखविली जातात. तेव्हा खरी एकचक्रा कोणती, हा वाद अभ्यासकांवर सोपवावा. कथेतील एक गोष्ट मात्र कोणत्याही गावाने विसरावी अशी नाही. नगराबाहेर बकासुर राहत असे. गाडाभर अन्न, गाड्याला जुंपलेले दोन रेडे आणि तो गाडा घेऊन जाणारा एक मनुष्य, एवढा नजराणा प्रत्येक घराने पाळीपाळीने त्यास पोचवावा, असा नेम ठरून गेला होता. ज्याची पाळी येई त्याच्या घरी आकांत होई; शेजारच्या घरी त्या दिवशीही चूल पेटे. संकट साऱ्या नगराचे होते, दुःख मात्र एकेका घराचे. आपली पाळी अजून दूर आहे, या समाधानाने नगरजनांना कधी एकत्र बसून विचार करू दिला नाही.

आजच्या गावांतील रस्त्यांची कथा याहून फार निराळी नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक असा, की ज्याच्या पायांखेरीज त्याच्यापाशी दुसरे वाहन नव्हते. एवढी माणसे एखाद्या महापुरात एकाच दिवशी गेली असती, तर देश हादरला असता. परंतु ती एका दिवशी, एका गावी जात नाहीत. ती पाळीपाळीने जातात. आणि म्हणून उरलेल्यांची चूल पेटलेलीच राहते.

एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या सभेपुढे वाहने उभी करण्याचा प्रश्न येतो, तेव्हा तो बहुधा गैरसोयीचा प्रश्न म्हणून येतो. बाजारपेठेत जागा मिळत नाही, दुकानापुढे दुसऱ्याचीच मोटारसायकल उभी असते, बसस्थानकाजवळ रिक्षांची दाटी होते, अशी गाऱ्हाणी मांडली जातात. ती खोटी नाहीत. पण हा प्रश्न मुळात गैरसोयीचा नसून सुरक्षिततेचा आहे, हे ध्यानात आल्याखेरीज त्याचे उत्तर सापडणार नाही.

एरंडोलची जुनी वस्ती पायी चालणाऱ्यांच्या आणि बैलगाड्यांच्या मापाने वसली. खानदेशचा कापूस, धान्य आणि एके काळी येथे हाताने तयार होणारा जाडाभरडा कागद, हे सारे गाड्यांतूनच बाहेर जात असे. गाड्या तेव्हाही होत्या, आणि बाजाराच्या दिवशी त्या थोड्या नसत. तरीही गल्लीच्या तोंडाशी गाडी सोडून गाडीवान निघून गेला, असे सहसा होत नसे. गाडीवान आजच्या माणसापेक्षा अधिक सुशील होता, असे मुळीच नव्हे. त्याच्या गाडीला बैल होते. बैलांना पाणी हवे, सावली हवी, वैरण टाकण्यास जागा हवी. म्हणून त्याला गाडी मोकळ्या जागी न्यावीच लागे. त्या जागेला मराठीत गाडीतळ असे सुंदर नाव आहे. पुण्यात हडपसरच्या नाक्याला ते नाव अजून चिकटलेले आहे. गाड्या गेल्या, तळ बुजला, नाव तेवढे राहिले. मोटारीला तहान लागत नाही आणि उन्हाचा त्रास होत नाही. ती जेथे सोडावी तेथे निमूट उभी राहते. बैलाची भूक जे काम सहज करून घेत असे, ते आता माणसाच्या विवेकाने आणि नगरपालिकेच्या ठरावाने करावयाचे आहे. वाहनतळ हा शब्द नवा असला, तरी गरज नवी नाही.

आता गल्लीचे माप घेऊन पाहावे. सहा मीटर रुंदीची गल्ली जुन्या गावात ऐसपैसच म्हणावी लागेल. एका साध्या मोटारीची रुंदी सुमारे पावणेदोन मीटर असते. दोन्ही बाजूंना भिंतीला अगदी लागून एकेक मोटार उभी केली, तर मध्ये अडीच मीटर वाट उरते. अग्निशामक बंब स्वतःच जवळजवळ अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे दोन नागरिकांनी आपापल्या दारापुढे, कोणाशीही न भांडता, कोणाचेही वाईट न चिंतिता मोटारी उभ्या केल्या, की त्या गल्लीतील आग विझविण्यास बंब येऊ शकत नाही. मोटारसायकली आडव्या लावल्या असतील, तर हिशेब याहूनही वाईट. कारण आडवी लावलेली मोटारसायकल मोटारीपेक्षाही अधिक जागा अडविते. २०१४ सालापासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. दूरध्वनी केला की ती निघते, हे खरे. पण तिने कोणत्या वाटेने यावे हे दूरध्वनी ठरवीत नाही. ते गल्लीतील प्रत्येक घर रोज संध्याकाळी ठरवीत असते.

यात नगरपालिकेचा काय संबंध, असे विचारणारे काही असतात. वाहनांचे काम पोलिसांचे, असे त्यांचे म्हणणे. कायदा मात्र तसे म्हणत नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याने नगरपरिषदेची जी अनिवार्य कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत रस्त्यांवर दिवे लावणे, आग विझविणे आणि सार्वजनिक रस्त्यांवरील अडथळे दूर करणे ही कर्तव्ये आहेत. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ रोजी अमलात आली, घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नगरपालिकांकडे सोपविता येतील अशा विषयांच्या त्या यादीत पथदिवे आणि बसथांबे यांच्या पंक्तीला वाहनतळही नमूद आहेत. १९८८ चा मोटार वाहन कायदादेखील वाहने उभी करण्याच्या जागा ठरविताना त्या गावच्या स्थानिक संस्थेचा विचार घ्यावा, असे सांगतो. पोलिसाच्या हाती दंडाची पावती आहे. परंतु कोठे उभे राहणे योग्य आणि कोठे अयोग्य, हे गावाने आधी ठरविले नसेल, तर ती पावती ज्याला मिळते त्यास ती अन्यायच वाटते.

राज्यातील अनेक नगरपालिकांचा कारभार २०२१-२२ पासून काही वर्षे प्रशासकांच्या हाती होता. बहुसंख्य नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. प्रशासक कर्तबगार असू शकतो, तो फलक लावू शकतो, पांढरे पट्टेही मारू शकतो. भांडण ऐकून घेणे हे मात्र सभागृहाचे काम आहे, आणि वाहनतळाचा प्रश्न भांडणावाचून सुटणारा नाही. कारण येथे प्रत्येकाची बाजू थोडीथोडी खरी असते.

दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईकाला दुकानापुढे गाडी लावता आली नाही, तर ते पुढच्या दुकानी जाईल किंवा सरळ जळगावला जाईल. त्याचे भय खोटे नव्हे. परंतु त्याच्या दुकानापुढे दिवसभर उभी असणारी गाडी गिऱ्हाइकाची किती वेळा असते आणि त्याची स्वतःची किंवा शेजारच्या दुकानदाराची किती वेळा असते, हे त्याने चार दिवस मोजून पाहावे. खरेदीला येणारा मनुष्य अर्ध्या तासात निघून जातो. जागा अडविणारी गाडी सकाळी येते आणि दिवे लागल्यावर जाते. अशा वेळी दुकानदारांनीच आपल्या गाड्या दूरच्या मोकळ्या मैदानात लावल्या, तर गिऱ्हाइकासाठी जागा न मागताही मोकळी होते.

खेड्यातून आलेला शेतकरी म्हणतो, तहसील कचेरी, बँक, दवाखाना, बी-बियाणे, सारे एकाच फेरीत उरकावयाचे असते. गाडी गावाबाहेर लावून भर उन्हात किती हिंडावे? खानदेशातील वैशाखाचे ऊन ज्याने अनुभवले आहे, तो या प्रश्नास हसणार नाही. येथे नगरपालिकेने वाहनतळ दाखवून स्वस्थ बसू नये. तळावर झाडे हवीत, प्यावयास पाणी हवे, आणि तेथून बाजारापर्यंत चालण्यास अखंड, सावलीची वाट हवी. जुन्या गाडीतळावर बैलांसाठी जे असे, ते नव्या तळावर माणसांसाठी असावे, एवढीच मागणी आहे.

आणि हातगाडीवाला? सभेत अडथळा हा शब्द उच्चारला, की पहिली दृष्टी त्याच्याकडे वळते. कारण त्याला हलविणे सर्वांत सोपे. केळी विकणारी बाई दोन हात जागेत आपला संसार चालविते. तिच्या मागे उभी असलेली रिकामी मोटार तिच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा अडविते आणि कोणाचेही पोट भरीत नाही. तरीही उठविले जाते ते टोपलीला, मोटारीला नव्हे. २०१४ साली संसदेने केलेल्या पथविक्रेत्यांच्या कायद्याने अशा विक्रेत्यांची नोंद करावी, त्यांच्या प्रतिनिधींसह समिती नेमावी आणि विक्रीच्या जागा ठरवून द्याव्यात, असे सांगितले आहे. तेव्हा रस्ता मोकळा करण्याच्या उत्साहात टोपली आधी आणि मोटार मागाहून, हा क्रम न्यायालाही धरून नाही आणि कायद्यालाही.

मोठ्या शहरांनी या बाबतीत जे अनुभव घेतले, ते लहान गावांना फुकट मिळाले आहेत. पुणे महानगरपालिकेने मार्च २०१८ मध्ये रस्त्यावर वाहन लावण्यास शुल्क आकारण्याचे धोरण संमत केले. विरोध इतका झाला, की ते आधी मोजक्या पाच रस्त्यांपुरते आखडून घ्यावे लागले, आणि तेथेही ते लवकर सुरू होऊ शकले नाही. मुंबईने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास पाचशे मीटरच्या आत बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांस हजारोंच्या घरात जाणारा दंड लावला. पुण्यात धोरण आधी आले आणि लोकांची समजूत मागे राहिली. मुंबईत दंडाची रक्कम एवढी मोठी, की पट्ट्यांपेक्षा तिचीच चर्चा अधिक झाली. जपानने मात्र १९६२ सालीच निराळा मार्ग धरला. मोटार ठेवण्यास स्वतःची किंवा भाड्याची जागा आहे असा दाखला दाखविल्याखेरीज मोटार घेता येऊ नये, असे त्या देशाने ठरविले. एरंडोलच्या नगरपालिकेस असा कायदा करता येणार नाही, हे उघड आहे. पण त्यामागील विचार कोणत्याही घरात करता येतो: गाडी विकत घेताना तिच्या किमतीत तिला उभे करण्याच्या जागेची किंमत धरलेली नसते, ती जागा रस्ता देतो, म्हणजे सारे गाव देते. एक मोटार उभी करण्यास साधारणतः अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. एवढ्या जागेत गरिबाचे कुटुंब राहत असलेली खोली उभी असते. घरभाडे भरणारा मनुष्य रस्त्यावरील तेवढ्याच जागेला फुकट का समजतो, याचे उत्तर सवयीखेरीज दुसरे नाही.

गावाच्या कडेचा प्रश्न आणखी निराळा आणि अधिक भयंकर आहे. सुरतेकडून धुळे, जळगाव, नागपूर या दिशेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग एरंडोलला लागून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक सहा होता. २०१० नंतरच्या क्रमवारीत तो त्रेपन्न झाला. गावाला रेल्वे नाही, जवळची स्थानके म्हसावद आणि धरणगाव. त्यामुळे सारी ये-जा रस्त्यानेच. चतुर्थीस पद्मालयाच्या गणपतीला जाणारे भाविकही याच वाटांनी येतात. तरसोदपासून फागण्यापर्यंतच्या टप्प्यात हा महामार्ग चौपदरी करण्याचे काम हाती घेतले गेले. रस्ता रुंद होतो तेव्हा वाहनाला तो जवळ करतो आणि पायी चालणाऱ्यास मात्र दूर लोटतो. पूर्वी जे अंतर दहा पावलांत संपत असे, ते आता तीस पावलांचे होते, आणि त्या तीस पावलांच्या काळात येणाऱ्या वाहनाचा वेगही वाढलेला असतो. त्यातच महामार्गाच्या कडेला, चहाच्या टपरीपुढे, एखादी मालमोटार रात्रभर दिव्यावाचून उभी राहते. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास ती अंधाराचाच एक भाग वाटते. उभे वाहन निरुपद्रवी असते, ही समजूत अशा ठिकाणी प्राण घेते.

शेजारचे धरणगाव हे बालकवी ठोंबरे यांचे जन्मगाव. १८९० साली जन्मलेला हा कवी मे १९१८ मध्ये जळगावजवळील भादली स्थानकापाशी रूळ ओलांडताना आगगाडीखाली सापडून गेला. त्याची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पायी चालणारा मनुष्य आणि वेगाने येणारे यंत्र यांची गाठ पडली, तर चुकी कोणाची हे ठरविण्यास मागे एकच पक्ष उरतो, हे खानदेशास निराळे सांगावयास नको. महामार्गाचे बांधकाम नगरपालिकेच्या हाती नाही. पण गावातील कोणते रस्ते महामार्गास कोठे मिळतात, शाळेची मुले कोठून ओलांडतात, कोणता दिवा बंद आहे, मालमोटारींना थांबण्यास गावाबाहेर कोणती जागा देता येईल, हे दिल्लीस किंवा मुंबईस कळत नाही. ते गावास कळते. आणि ते लिहून, मोजून, नकाशावर दाखवून वरच्या कचेरीस कळविणे हे सभागृहास नक्कीच करता येते. नुसते निवेदन दप्तरी पडून राहते. माप दिलेले निवेदन दप्तरी पाडणे थोडे अवघड जाते.

सभेतील बहुतेक चर्चा वाहने कोठे उभी करावीत, या प्रश्नाने सुरू होते. तेथेच ती चुकते. हा प्रश्न शेवटचा असावयास हवा. पहिला प्रश्न, माणसाने कोठून चालावे. काठी टेकीत दवाखान्यात जाणारी वृद्धा, पाठीवर दप्तर घेतलेला मुलगा, डोक्यावर भारा घेतलेली स्त्री यांना लागेल एवढी वाट आधी दोरी लावून राखून ठेवावी. दुसरा प्रश्न, बंब आणि रुग्णवाहिका कोठून जाईल. तिसरा, विकणाऱ्याने कोठे बसावे. एवढे झाल्यावर जी जागा उरेल ती वाहनांची. आणि ती पुरेशी उरली नाही, तर रस्त्याचा संकोच करण्याऐवजी तळ अन्यत्र शोधावा. आज नेमके उलटे होते. आधी वाहने आपली जागा घेतात, मग दुकानांच्या पायऱ्या घेतात, मग टोपल्या. आणि उरलेल्या फटीतून माणसे वाट काढतात.

हा उलटा क्रम का चालतो, याचे कारण सभागृहात पाहिले तरी कळेल. तेथे बोलणारे बहुतेक जण वाहनांतून आलेले असतात. ज्याचा रोजचा प्रवास पायीच होतो, तो सभेला येत नाही. मुलांना मत नाही आणि वृद्धांना सभेपर्यंत चालवत नाही. त्यांची बाजू दुसऱ्या कोणी तरी मांडावी लागते. आणि ठराव झाल्यावर पहिली कसोटी लागते तीही तेथेच. पांढऱ्या पट्ट्याबाहेर लावलेली पहिली गाडी जर एखाद्या सदस्याचीच असेल आणि ती उचलली गेली नाही, तर त्या दिवशी संध्याकाळी पट्टे पुसले गेले असेच समजावे, मग रंग कितीही चांगला असो.

विषय सभेपुढे आणण्याआधी एक साधी गोष्ट करता येण्याजोगी आहे. बाजाराच्या दिवशी, शाळा सुटण्याच्या सुमारास, अग्निशामक बंब बसस्थानकापासून बाजारपेठेतून जुन्या गावातील शेवटच्या गल्लीपर्यंत एकदा चालवून पाहावा. घंटा वाजवू नये. घाई करू नये. सदस्यांनी आपल्या गाड्या घरी ठेवून बंबाच्या मागोमाग पायी चालावे. बंब जेथे जेथे अडेल, तेथे तेथे एकाने खडूने खूण करावी आणि किती वेळ अडला ते वहीत टिपावे; आणि शाळेतून येणारी मुले जेथे भिंतीचा कड सोडून भर रस्त्यात उतरतील, तेथे दुसऱ्या रंगाची खूण करावी. मग ती वही सभेच्या टेबलावर ठेवून कामकाज सुरू करावे.